गोधडीतला बर्फ आणि वीस गुणांची चाचणी: विज्ञानातली प्रगती वर्गात कशी मोजावी

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सातवीला 'उष्णता' हा घटक संपवला, वीस गुणांची घटक चाचणी घेतली आणि वर्गाची सरासरी सतरा आली. तो पेपरांचा गठ्ठा मी स्टाफरूममध्ये जरा सगळ्यांना दिसेल असाच ठेवला होता.

डिसेंबरातली सकाळची शाळा. मुलं कुडकुडत होती. एकोणीस गुण मिळवलेला एक मुलगा स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढत म्हणाला, "बाई, गोधडी आतून गरम असते ना, म्हणून पांघरली की थंडी जाते." मी विचारलं, "मग बर्फाचा खडा गोधडीत गुंडाळून ठेवला तर?" तो म्हणाला, "लगेच वितळेल." वर्गाला विचारलं, तर बहुतेक हात 'लगेच'च्या बाजूने वर गेले.

याच मुलाने पेपरात 'उष्णतेच्या दुर्वाहकांची दोन उदाहरणे लिहा' याखाली 'लोकर, लाकूड' लिहून पूर्ण गुण घेतले होते, आणि ते गुण मीच दिले होते. गोधडी आणि लोकर एकाच कामाच्या, हे त्याच्या डोक्यात कुठे जोडलंच गेलं नव्हतं. शिवाय मी शिकवायच्या आधी त्याला काय वाटत होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे सतरा ही सरासरी माझ्या शिकवण्याची, क्लासची की गाइडची, याचाही पत्ता नव्हता.

पुढची काही वर्षं चुकतमाकत जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. नव्याने रुजू झालेल्या, सहावी ते आठवीला विज्ञान मिळालेल्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवलं आहे. उदाहरणं बरीचशी सातवीची आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- बालभारतीचं पाठ्यपुस्तक, आणि त्यातलं अध्ययन निष्पत्तीचं, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवं याचं पान. आपण सगळे ते पान उलटून थेट पहिल्या पाठावर जातो.
- तुमचं वार्षिक नियोजन.
- गेल्या वर्षीचे पाच-सहा तपासलेले पेपर, शक्यतो मधल्या मुलांचे. पहिल्या नंबराच्या पेपरातून फारसं शिकायला मिळत नाही.
- कोऱ्या कागदाच्या चतकोर चिठ्ठ्या, भरपूर. पाठकोरे कागद चालतात.
- एक शंभर पानी वही. हिच्यात मुलांची वाक्यं जशीच्या तशी उतरवायची आहेत.
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दोन-तीन थर्मामीटर, आणि विजेच्या घटकासाठी सेल, वायर, छोटे बल्ब. शाळेच्या कपाटात नसतील तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक चक्कर मारा, विजेचं सगळं साहित्य मिळतं.
- एक्सेल येत असेल तर उत्तम, नसेल तर आलेखाची वही.

## १. शिकून झाल्यावर मूल काय करून दाखवेल, ते आधी लिहा

'उष्णतेचे वहन समजते' हे वाक्य मोजता येत नाही. समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, दिसते ती कृती. म्हणून प्रत्येक उद्दिष्टाचं क्रियापद बदला. 'गरम वरणात ठेवलेल्या स्टीलच्या आणि लाकडाच्या डावांपैकी कोणता आधी तापेल ते सांगते आणि कारण देते.' हे दिसतं, ऐकू येतं, तपासता येतं.

एका घटकाला अशी तीन, फार तर चार वाक्यं. मी सुरुवातीला अकरा-बारा लिहायचे आणि एकाचीही धड चाचणी व्हायची नाही.

बी.एड.ला ब्लूमची शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाची उतरंड पाठ केली असेल. १९५६ ची मूळ, २००१ ची सुधारलेली. वर्गात उभं असताना सहा पायऱ्या आठवत बसू नका. मी तीनच रकाने करते: आठवतं, ओळखीच्या ठिकाणी वापरतं, कधी न पाहिलेल्या ठिकाणी वापरतं. गोधडीचा प्रश्न तिसऱ्या रकान्यातला होता, आणि माझ्या त्या पेपरात तिसरा रकाना रिकामा होता.

## २. शिकवायच्या आधी विचारा

सगळ्यात जास्त फरक याच पायरीने पडला, आणि बहुतेक जण हीच गाळतात. नवा घटक सुरू करायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं काढा. चतकोर चिठ्ठ्या वाटा. फळ्यावर तीन-चार प्रश्न लिहा. गुण नाहीत हे स्पष्ट सांगा. 'चाचणी' हा शब्दच वापरू नका, नाहीतर मुलं घरी जाऊन पाठ वाचून येतील आणि तुम्हाला त्यांच्या मनातलं काहीच कळणार नाही. मी सांगते, "तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे."

प्रश्न असे निवडा की ज्यांचं उत्तर मुलांनी रोजच्या जगण्यातून आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझ्या वहीतले काही:

- पाणी खळखळा उकळताना जे बुडबुडे वर येतात, त्यांच्या आत काय असतं? (बहुतेक जण 'हवा' लिहितात. काही 'ऑक्सिजन आणि हायड्रोजन' लिहितात, ते क्लासला जाणारे. उत्तर आहे पाण्याची वाफ.)
- दोनशे ग्रॅम पाण्यात वीस ग्रॅम साखर पूर्ण विरघळवली. आता सगळ्याचं वजन किती? ('दोनशेच, साखर गेली ना!')
- एवढासा रोप होता, त्याचं मोठं झाड झालं. हे एवढं लाकूड आलं कुठून? ('मातीतून'. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट याने कुंडीतली माती तोलून पाच वर्षं विलोचं झाड वाढवलं. झाडाचं वजन दीडशे पौंडांहून जास्त वाढलं, माती जेमतेम दोन औंस कमी झाली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्याही ध्यानात आला नाही, तेव्हा सातवीच्या मुलांवर रागवायचं कारण नाही.)
- एक सेल, दोन बल्ब, एकापुढे एक. सेलजवळचा बल्ब जास्त उजळेल का? ('हो, कारण पहिला बल्ब वीज खाऊन टाकतो.')

चिठ्ठ्या गोळा करा आणि उत्तर सांगू नका. हे फार जड जातं. मुलं "बाई सांगा ना, सांगा ना" करत मागे लागतात. मी म्हणते, "दोन आठवड्यांनी तुम्हीच मला सांगायचं." त्या चिठ्ठ्या रबर लावून जपून ठेवा, सातव्या पायरीला लागणार आहेत.

## ३. संविधान तक्ता करा, पण पाच मिनिटांत

बी.एड.च्या पाठ टाचणात संविधान तक्त्याने (पेपरात कशाला किती गुण, याचा आराखडा) छळलेलं असतं, म्हणून नोकरीत आल्यावर आपण तो सोडून देतो. एवढा राग नको. उभ्या ओळींत तुमची तीन-चार उद्दिष्टं, आडव्यात ते तीन रकाने, आणि प्रत्येक चौकोनात गुण. वीस गुणांच्या चाचणीत 'आठवतं' रकान्याला सहाहून जास्त गुण जात असतील तर थांबा. गाळलेल्या जागा आणि जोड्या लावा हे प्रकार काढायला आणि तपासायला सोपे, म्हणून नकळत पेपर त्यांनीच भरतो.

## ४. चुकीचे पर्याय बरोबर उत्तराइतकेच जपून लिहा

बहुपर्यायी प्रश्नात आपण बरोबर उत्तर लिहितो आणि उरलेले तीन पर्याय भरती म्हणून टाकतो. 'थर्मास कशासाठी वापरतात?' याला 'फुटबॉल खेळायला' असा पर्याय मी खरोखर वाचला आहे. असा पर्याय कोणीच निवडत नाही, म्हणजे तो काहीच सांगत नाही. चुकीचा पर्याय मुलांच्या तोंडून यायला हवा, आणि ती तोंडची वाक्यं तुमच्याकडे दुसऱ्या पायरीच्या चिठ्ठ्यांत तयार आहेत.

गोधडीचा प्रश्न मी पुढे असा लिहिला:

सारख्या वजनाचे दोन बर्फाचे खडे दोन सारख्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले. एक पिशवी तशीच बाकावर ठेवली. दुसरी, रात्रभर वर्गातच असलेल्या गोधडीत गुंडाळून ठेवली. अर्ध्या तासाने काय दिसेल?

अ) गोधडीतला खडा जास्त वितळलेला असेल, कारण गोधडी उष्णता देते.
ब) गोधडीतला कमी वितळलेला असेल, कारण गोधडी थंडी बाहेर जाऊ देत नाही.
क) गोधडीतला कमी वितळलेला असेल, कारण बाहेरची उष्णता आत जायला वेळ लागतो.
ड) दोन्ही सारखेच वितळलेले असतील, कारण दोन्ही एकाच खोलीत आहेत.

'अ' लिहिणाऱ्याला गोधडी म्हणजे चूल वाटते. 'ब' लिहिणाऱ्याचं भाकीत बरोबर आहे, पण त्याच्या लेखी थंडी ही उष्णतेसारखीच एक वेगळी वस्तू आहे. 'ड'वाला तापमान आणि उष्णतेचं वहन यांत गल्लत करतोय, तरी तो विचार करतोय आणि त्याच्याशी बोलण्यासारखं आहे. तिघांनाही शून्य गुण मिळतील, पण तिघांना उद्या वेगळं काहीतरी शिकवायचं आहे. नुसतं 'चूक' अशी खूण केली की हे सगळं हातचं जातं.

हा प्रयोग वर्गात जरूर करा, मात्र दोन्ही खडे पिशवीतच ठेवा. पहिल्यांदा मी एक खडा स्टीलच्या ताटलीत ठेवला होता. स्टीलनेच तो भराभर वितळवला आणि एका मुलीने बरोबर पकडलं, "बाई, हे ताटलीमुळे झालं असेल." त्या दिवशी सगळ्यात चांगलं विज्ञान तिने केलं. माझ्या तक्त्यात मात्र त्याला रकाना नव्हता.

प्रश्न लिहिताना मी स्वतः ज्या खड्ड्यांत पडले, ते सांगते.

बरोबर पर्याय सगळ्यात लांब होतो. आपण तो काळजीपूर्वक, अटी घालून लिहितो. मुलांना हे दोन चाचण्यांत कळतं.

'वरीलपैकी सर्व' हा पर्याय टाळा. दोन बरोबर आहेत एवढं कळलं की तिसरा न वाचता उत्तर येतं.

'पुढीलपैकी कोणता दुर्वाहक नाही?' असा नकार-नकार प्रश्न विज्ञान तपासत नाही, वाचन तपासतो. लिहायचाच असेल तर 'नाही' अधोरेखित करा.

भाषेचं ओझं. आमच्या वर्गात घरी कन्नड, हिंदी, नेपाळी बोलणारी मुलं आहेत. 'खालील विधानाची सकारण मीमांसा करा' या वाक्यात ती अडतात, उष्णतेत नाही. 'असं का होतं ते लिहा' एवढं पुरतं. लिहिण्यात फारच अडणाऱ्या दोघातिघांना मी प्रश्न वाचून दाखवते आणि उत्तर तोंडी घेते.

संदर्भ जवळचा हवा, पण कोणाच्या जवळचा? मी मायक्रोवेव्हवर प्रश्न काढला आणि अर्ध्या वर्गाने तो पाहिलेला नव्हता. खडकवासल्याचं पाणी, पर्वतीवरचा चढ, भुशात ठेवलेली बर्फाची लादी, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं.

शेवटी, दर चाचणीत एक तरी प्रश्न आकड्यांचा ठेवा, आणि आकडे वर्गात मुलांनीच घेतलेले असू द्या. एका चहाच्या पेल्यावर झाकण, दुसरा उघडा, दर दोन मिनिटांनी तापमान. त्यावरून 'दहाव्या मिनिटाला झाकणाच्या पेल्याचं तापमान किती असेल असं वाटतं? कशावरून?' हे गाइडमध्ये सापडत नाही.

## ५. प्रात्यक्षिक: एका तासाला सहाच मुलं

चाळीस मुलांचं प्रात्यक्षिक एकाच तासात 'पाहिलं' म्हणणारा शिक्षक स्वतःची फसवणूक करतो. मीही केली आहे. आता मी एका तासाला सहा मुलं ठरवते आणि त्यांच्याच मागे फिरते. बाकीची प्रयोग करतात, पण नोंद त्या सहांची. सात तासांत वर्ग पुरा होतो, आणि सत्रात एवढे प्रयोगाचे तास निघतात.

पाहायचं काय, ते आधी पायऱ्यांनी लिहून ठेवा. 'तापमान नोंदवणे' यासाठी माझ्या चार पायऱ्या:

१ – नोंद नाही, किंवा शेजाऱ्याची उतरवली.
२ – आकडा आहे, पण एकक किंवा वेळ नाही.
३ – आकडा, एकक, वेळ तिन्ही आहे.
४ – तिन्ही आहेच, शिवाय एखादा विचित्र आकडा आला तर पुन्हा मोजून पाहिला.

ही चौथी पायरी मी एका चुकीनंतर लिहिली. पाण्याचा उत्कलनांक मोजायचा प्रयोग होता. एका मुलीच्या वहीत '९८' लिहून खोडलेलं आणि वर '१००' लिहिलेलं होतं. मी १०० वर बरोबरची खूण केली आणि पुढे गेले. घरी जाताना बसमध्ये लख्ख उजेड पडला. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. तिच्या थर्मामीटरने खरं सांगितलं होतं, पुस्तकातली शंभरची गोष्ट समुद्रसपाटीची होती. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, तिला डोळ्यांवर विश्वास न ठेवल्याबद्दल गुण दिले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगितलं, सगळ्या गटांना पुन्हा पाणी उकळायला लावलं. आकडे ९७ ते ९९ मध्ये पसरले आणि थर्मामीटर-थर्मामीटरमध्येही फरक असतो हा धडा फुकटात मिळाला.

प्रकल्पाबद्दल एवढंच सांगते. थर्माकोलचा ज्वालामुखी बाजारात तयार मिळतो, आणि नसेल तर बाबा रात्री जागून करतात. प्रकल्पाच्या दिसण्याला गुण देऊ नका. दोन प्रश्न विचारा: "यातलं काय तू बदलून पाहिलंस?" आणि "काय चाललं नाही?" स्वतः केलेलं मूल दुसऱ्या प्रश्नावर पाच मिनिटं बोलतं.

कमी खर्चाचे प्रयोग सुचत नसतील तर विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेल्या खेळण्यांवर तिथेच अनेक वर्षं काम केलं. त्यांची खेळणी इंटरनेटवर मोफत पाहता येतात, मराठीतूनही. आगपेटी आणि स्ट्रॉ एवढ्यावर अर्ध्या वर्षाची प्रात्यक्षिकं निघतील.

## ६. तपासताना लाल पेन जरा बाजूला ठेवा

पेपर नावांच्या क्रमाने तपासू नका. आधी एकच प्रश्न सगळ्या पेपरांत वाचत जा, आणि चुकांचे गठ्ठे करा. 'पहिला बल्ब वीज खातो' हा एक गठ्ठा, 'सेलपासून दूर म्हणून वीज दमते' हा दुसरा. (हे 'दमते' माझ्या शंभर पानी वहीत आहे, शब्दशः.) गुण नंतर टाका.

गुण आणि शेरा एकदम दिला तर मुलं शेरा वाचत नाहीत, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलं आहे. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी हे तपासून पाहिलं आणि १९८८ मध्ये मांडलं. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांत ती दिसली नाही, जणू गुणांनी शेरा पुसून टाकला.

मी दोन दिवसांचं अंतर ठेवते. पहिल्या दिवशी पेपर फक्त शेऱ्यांसह परत. त्यात एक उत्तर सुधारून लिहायचं. तिसऱ्या दिवशी गुण. पहिल्या वेळी वर्गात बंड होतं, "बाई, किती पडले तेवढं सांगा." पालकांचाही फोन येतो. दुसऱ्या चाचणीपासून सवय होते.

शेरा म्हणजे 'छान', 'प्रयत्न कर', 'अक्षर सुधार' नव्हे. 'तू म्हणतेस पहिला बल्ब वीज खातो. मग दोन्ही बल्बांची जागा बदलली तर काय होईल? उद्या करून पाहा आणि इथेच खाली लिही.' चाळीस पेपरांवर असं लिहिणं अशक्य वाटतं ना? म्हणून तर गठ्ठे. एका गठ्ठ्याला एकच शेरा. पाच-सहा शेऱ्यांत वर्ग आटोपतो.

## ७. आता जुन्या चिठ्ठ्या काढा

चाचणीत ते तीन-चार सुरुवातीचे प्रश्न तसेच्या तसे घातलेले असू द्या. आता एकाच मुलाचं आधीचं आणि नंतरचं उत्तर शेजारी शेजारी ठेवता येतं. नुसतं हे वाचणंही डोळे उघडणारं असतं, पण आकडा हवाच असेल तर एक सोपा हिशोब आहे.

समजा या प्रश्नांना एकूण २० गुण धरले आणि अ तुकडीची सरासरी ६ वरून १३ झाली. म्हणजे ७ गुण कमावले. कमावता येण्यासारखे होते १४. सात भागिले चौदा, ०.५. ब तुकडी १२ वरून १६ वर गेली. कमावले ४, शक्य होते ८. पुन्हा ०.५. शेवटचे गुण पाहिले तर ब तुकडी पुढे, पण वाटचाल दोघींची सारखीच. अ तुकडीला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला एरवी बोलणी आली असती. अमेरिकेतल्या रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये हाच हिशोब भौतिकशास्त्रातल्या यांत्रिकीच्या (बल आणि गती) ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांवर केला. नुसती व्याख्यानं ऐकणाऱ्या वर्गांची सरासरी ०.२३ आली, करून-बोलून शिकणाऱ्यांची ०.४८.

हा आकडा तुकडीसाठी वापरा, एकेका मुलासाठी नको. आधीच १८ असलेलं मूल एखाद्या दिवशी १७ वर आलं तर उणे ०.५ येईल आणि त्याला काहीही अर्थ नाही.

मुलांबरोबर प्रश्नांनाही तपासा. किती टक्के मुलांना आला ते काठिण्यमूल्य. ९५ टक्क्यांना आला तर सोपा, असे एक-दोन प्रश्न सुरुवातीला धीर यायला ठेवावेत. दुसरं भेदनमूल्य, म्हणजे घटक समजलेल्या आणि न समजलेल्या मुलांत प्रश्न किती फरक दाखवतो ते. पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या. चाळीसच्या वर्गात अकरा-अकरा. वरच्या अकरांतल्या ९ जणांना प्रश्न आला, खालच्या अकरांतल्या ३ जणांना, तर नवातून तीन वजा, भागिले अकरा, साधारण ०.५५. उत्तम प्रश्न. ०.२ च्या खाली आला तर प्रश्न पुन्हा वाचा. उणे आला, म्हणजे हुशार मुलांचा चुकला आणि बाकीच्यांचा बरोबर आला, तर बहुधा चूक तुमचीच.

माझा असा एक होता: 'उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता आपली सावली पडत नाही. चूक की बरोबर?' उत्तरसूचीत मी 'बरोबर' धरलं होतं. ज्या पोरांनी सुट्टीत गच्चीवर काठी उभी करून शून्य सावली दिवस पाहिला होता, त्यांनी ठामपणे 'चूक' लिहिलं. त्यांचंच खरं. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, तोही बाराला नव्हे, साडेबारा उलटल्यावर. जुलैचा तर ढगांतच जातो. त्या पोरांचे गुण मी परत दिले.

## ८. तीन आठवड्यांनी, वेगळ्या वेशात

जे गठ्ठे चुकले, त्यांना पुन्हा शिकवा. मग तीन आठवडे जाऊ द्या आणि तीच कल्पना वेगळ्या रूपात विचारा. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर आठवतं, एवढंच कळेल. गोधडीनंतर मी विचारते: 'सहलीला जाताना फ्रीजमधली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून नेली. दुपारी पाणी जास्त गार असेल की कमी?' बर्फाच्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलेली काही मुलं इथे पुन्हा 'टॉवेलाने गरम होईल' लिहितात. वाईट वाटतं, पण हे पुढच्या जूनऐवजी फेब्रुवारीत कळलेलं बरं.

## ९. नोंदवहीत काय लिहायचं

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन महाराष्ट्रात २०१० च्या शासन निर्णयाने आलं. सातवीला आकारिक (शिकवणं चालू असताना होणारं) ४० आणि संकलित (सत्राअखेरचं) ६० अशी त्याची वाटणी. तुमच्या शाळेकडे आलेलं ताजं परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि त्यानुसारच रकाने भरा. आकारिकच्या साधन तंत्रांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचणी हे सगळं आहे. वर सांगितलेलं काहीही त्याच्या बाहेरचं नाही, जादा काम म्हणून नव्हे, त्याच गुणांसाठी करा. चिठ्ठ्या, सहा मुलांचं निरीक्षण, सुधारून लिहिलेलं उत्तर, सगळं आकारिकमध्ये बसतं.

वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एव्हाना आली असेलच. 'विज्ञानाविषयी आवड आहे.' 'प्रयोगाचे साहित्य काळजीपूर्वक हाताळतो.' मार्चअखेरीस रात्री अकरा वाजता मीही त्यातून उतरवलं आहे, खोटं कशाला बोलू. पण सगळ्या वर्गाला साहित्य काळजीपूर्वक हाताळायला लावलं की पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. निदान दहा मुलांच्या तरी नोंदी चिठ्ठ्यांवरून लिहा. बाकीच्यांच्या पुढच्या सत्रात.

त्या स्वेटरवाल्या मुलाची नोंद मी अशी केली होती: 'डिसेंबरमध्ये गोधडी उष्णता देते असे मानत होता. फेब्रुवारीत टॉवेल बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही असे स्वतःच्या शब्दांत लिहिले. आकड्यांच्या नोंदीत एकक विसरतो.' बाटलीच्या प्रश्नाखाली त्याने एक ओळ जादा लिहिली होती: 'मग बाई, सिंहगडावर दही मडक्यात गार कसं राहतं? मडकं तर कशात गुंडाळलेलं नसतं.' ती चिठ्ठी मी बाष्पीभवनाच्या फाईलला पहिल्या पानावर चिकटवली आहे. दरवर्षी तो घटक सुरू करायच्या आदल्या दिवशी फळ्यावर पहिला प्रश्न तोच असतो.